टेबलाच्या दोन्ही बाजूंचे भाऊसाहेब

वऱ्हाडात भाऊसाहेब म्हटले की आडनाव विचारावे लागत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. शिवाय श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळाशाळांतून त्यांची तसबीर लागलेली असते. दर २७ डिसेंबरला तिला हार घातला जातो आणि भाषणे होतात. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली, काही स्वतःही केली. त्यांत कृषिमंत्री भाऊसाहेब असतात, बॅरिस्टर भाऊसाहेब असतात, बहुजनांच्या पोरांना शाळेची वाट दाखवणारे भाऊसाहेब असतात. शाळेला परवानगी देणाऱ्या खुर्चीत बसलेले आणि परवानगी मागायला टेबलापुढे उभे राहिलेले भाऊसाहेब मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज शाळांच्या मान्यतेचा आणि देखरेखीचा जो घोळ आपल्यापुढे आहे, त्यासाठी मला हेच भाऊसाहेब जवळचे वाटतात.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई, घर कास्तकाराचे. पापळच्या शाळेत आरंभ झाला, पण पुढे शिकायचे तर गाव सोडणे भाग होते. मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि तिथून पुण्याचे फर्ग्युसन. ज्याला शिकण्यासाठी एवढी गावे बदलावी लागतात, त्याला शाळा कुठे आहे आणि कुठे नाही याचा नकाशा पायांनीच पाठ होतो. १९२० मध्ये ते विलायतेला गेले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि परत येऊन अमरावतीत वकिली सुरू केली.

वकिलीत पैसा होता, पण मन तिथे रमणारे नव्हते. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय निघाले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठीच्या लढ्यात ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरमध्ये भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. त्याच सुमारास विमलाबाईंशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्या काळच्या अमरावतीत या गोष्टी किती जड गेल्या असतील, याची कल्पना आजच्या तरुण वाचकांना येणे अवघड आहे.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडात खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा मुख्यतः या कौन्सिलांच्या हाती असत. शाळा कोणत्या गावाला द्यायची, मास्तर कोण, पैसा किती, हे तिथे ठरे. भाऊसाहेबांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. मला तो सरळ दिसतो. ज्या गावात पोराला विहिरीवर पाणी मिळत नाही, त्या गावात त्याला शाळेच्या ओसरीवर जागा मिळेल, असे केवळ हुकूम काढून होत नाही. शाळा सर्वांसाठी आहे की नाही हे तपासायचे, तर शाळेच्या भिंतीबाहेरही पाहावे लागते.

१९३० मध्ये ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि शिक्षणमंत्री झाले. कृषी, सहकार ही खातीही त्यांच्याकडे होती. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण हे खाते देशी मंत्र्यांकडे सोपवले होते. कारभार हाती आला, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या बाजूलाच राहिली. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी होती. १८५४ च्या वूडच्या खलित्यात तिची मुळे आहेत. लोकांनी शाळा काढावी, ती नीट चालवावी, सरकारने पैसा द्यावा आणि सरकारी तपासनीसाने येऊन पाहावे, असा तो करार होता. आजची आपली अनुदानित शाळा त्याच कराराची नात किंवा पणती म्हणावी लागेल.

मंत्री असतानाच, १९३२ मध्ये, भाऊसाहेबांनी हिंदू देवस्थान संपत्तीसंबंधीचे विधेयक मांडले. देवस्थानांकडे येणारा पैसा समाजाचा आहे, त्याचा हिशेब समाजाला मिळावा आणि तो लोकोपयोगी कामाला लागावा, ही त्यामागची भूमिका. साहजिकच सनातनी मंडळींकडून विरोध झाला. आणि त्याच १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

इथे थोडे थांबायला हवे. जो गृहस्थ प्रांताचा शिक्षणमंत्री आहे, तोच एका शिक्षण संस्थेचा संस्थापकही आहे. आजच्या पत्रकाराने यावर पहिला प्रश्न विचारला असता आणि तो रास्तच असता. मंत्र्याच्या संस्थेची तपासणी त्याच्याच खात्याचा अधिकारी कशी करणार? भाऊसाहेबांवर श्रद्धा असलेल्यांनी हा प्रश्न झाकू नये असे मला वाटते. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि ती अडचण मिटली. परंतु प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाही. आमदार, खासदार, मंत्री आणि संस्थाध्यक्ष या भूमिका एकाच घरात नांदण्याची सवय महाराष्ट्राला पुढे अशी जडली की आता तिचे कोणाला नवलही वाटत नाही.

मग भाऊसाहेबांचे वेगळेपण कशात? मला वाटते, संस्थेच्या घडणीत. श्री शिवाजी संस्था सभासदांची आहे. तिचे कारभारी मंडळ सभासदांच्या मतांनी निवडले जाते आणि ही रीत आजही चालू आहे. त्या निवडणुका चुरशीच्या होतात, पॅनेल पडतात, अमरावती-अकोल्याच्या हॉटेलांतून महिनाभर दुसरा विषय नसतो. नाके मुरडणारे मुरडतात. पण ज्या संस्थेत हरणारा गट असतो, तिथे हिशेब विचारणाराही कोणीतरी असतो. बापाच्या खुर्चीवर मुलगा आणि मुलाच्या खुर्चीवर सून बसते, अशा संस्थेत जमाखर्चाची वही कोण मागणार? देवळाच्या दानपेटीचा हिशेब मागणाऱ्या माणसाने शाळेची पेटीही अनेकांच्या नजरेसमोर ठेवली, एवढे तरी त्याच्या पदरात घालायला हवे.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. भाऊसाहेब घटना समितीत होते. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते, भारत कृषक समाज त्यांनीच उभा केला. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. ते पाहायला ते राहिले नव्हते.

आता आपल्या काळाकडे येऊ. अनुदानित शाळेचे गणित बाहेरच्या माणसाला सोपे वाटते. पटावर मुले किती, त्यावर तुकड्या किती. तुकड्यांवर शिक्षकांची पदे आणि पदांवर सरकारातून पगार. याचा अर्थ असा, की हजेरीपटावरचे एकेक नाव म्हणजे सरकारी पैसा आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना लागे आणि सकाळी शेजारच्या गावची पोरे बैलगाडीतून येत. साहेब वर्गात डोकी मोजत, शेरेबुकात समाधानकारक असा शेरा लिहीत, चहापोहे घेत आणि जात. दुपारनंतर पाहुणी पोरे परत. त्या बैलगाडीतली पोरे हसत असत, त्यांना तो जत्रेसारखा दिवस वाटे. पण ज्यांची नावे खोटी होती, ती खरी मुले कुठे होती? काही वावरात पऱ्हाटी उपटत होती, काही वीटभट्टीवर होती. त्यांच्या नावाने पैसा येत होता आणि त्यांना पाटी मिळत नव्हती. खोट्या पटाची खरी चोरी ही.

२०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्य सरकारने सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी केली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. अनेक ठिकाणी पट आणि प्रत्यक्ष मुले यांचा मेळ बसला नाही. शाळेच्या लेकराच्या बोटाला शाई लावण्याची पाळी यावी, हे कोणालाच भूषणावह नव्हते. पण त्या तीन दिवसांनी एक गोष्ट सिद्ध केली, की पाहायचे ठरवले तर दिसते. २०२५ मध्ये शेजारच्या नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांवर शिक्षकांचे पगार निघाल्याचे प्रकरण बाहेर आले. त्यात शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. बैलगाडी गेली, संगणक आला. खोट्या नावांनी फक्त वाहन बदलले.

दुसरीकडे विनाअनुदानितांची कथा. २००१ पासून कायम विनाअनुदानित तत्त्वावर शाळांना मान्यता मिळू लागल्या. २००९ मध्ये त्यातला कायम हा शब्द काढला गेला आणि अनुदानाची आशा लागली. त्या आशेवर कितीतरी तरुण शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर शिकवले. लग्ने लांबली, कर्जे झाली. मान्यता देताना शाळा चालणार कशावर हा एक प्रश्न कोणी नेटाने विचारला असता, तर यांतले निम्मे दुःख टळले असते.

अमेरिकेत चार्टर शाळा नावाचा प्रकार आहे. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने त्याचा पहिला कायदा केला. पैसा सरकारी, कारभार खासगी मंडळाचा. आपल्या अनुदानित शाळेची ही दूरची बहीणच. फरक असा, की तिथे परवानगी ठरावीक मुदतीच्या करारावर मिळते. मुले काय शिकली, पैसा कुठे गेला हे पाहून करार वाढवायचा किंवा शाळा बंद करायची. त्यांच्याकडेही परवानगी देणारे सगळेच जागरूक नसतात, म्हणून देणाऱ्यावरही कोणाची तरी नजर हवी, हा वाद तिथे सतत चालू असतो. आपल्याकडेही मान्यतेचे नूतनीकरण आहे, पण ते फायलीचे असते. वर्गात बसून चौथीच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला लावून कोणी नूतनीकरण केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कायद्याने आपल्या हाती आणखी एक साधन दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. ती अनुदानित शाळांनाही लागू आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. किती गावांतल्या आयांना आपण या समितीवर आहोत हे ठाऊक असते? सह्या घरी येतात, सभा कागदावर होते.

माझे म्हणणे साधे आहे. शाळेला परवानगी देताना गरज पाहा. पापळसारख्या गावाला पुढचा वर्ग नाही आणि शहरात एकाच गल्लीत तीन फलक, हे नको. परवानगीनंतर न सांगता या आणि काय पाहिले ते गावाच्या पाटीवर लावा. संस्थेचा जमाखर्च पालकांपुढे वाचा. ज्याच्या संस्था आहेत, त्याला परवानगी देणाऱ्या खुर्चीपासून दूर ठेवा, मग तो कितीही मोठा असो. आणि शाळा बंद करण्याची वेळ आलीच, तर आधी तिथल्या मुलांची पुढची शाळा नक्की करा, कुलूप नंतर लावा.

भाऊसाहेब टेबलाच्या दोन्ही बाजूंना राहिले, म्हणून त्यांना दोन्हीकडच्या सबबी ठाऊक असणार. आपण बहुतेक जण त्या टेबलाच्या कुठल्याच बाजूला नसतो. आपली लेकरे मात्र त्यावरच्या फायलीत असतात. येत्या २७ डिसेंबरला तसबिरीला हार घालून झाला, की शाळेतल्या कोणीतरी हजेरीपट उघडावा, त्यातली नावे मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक नावाला कोण हजर म्हणते ते गावाने ऐकावे.