पंडिता रमाबाई आणि दुष्काळाचे दिवस

मेळघाटांत उन्हाळ्याचे शेवटचे दिवस मोठे कठीण असतात. सेमाडोहाजवळून वाहणारी सिपना नदी तेव्हां डोहांपुरतीच उरते. घरांतील कोदो-कुटकी सरत आलेली असते, आणि मोहाचीं फुलें वेंचून वाळवून ठेविलेलीं असलीं तर त्यांचाच काय तो आधार असतो. पुष्कळ कुटुंबें तर त्यापूर्वींच मजुरीसाठीं खालीं वऱ्हाडांत उतरलेलीं असतात. अशाच एका वर्षीं सेमाडोहाकडील एक मुलगा सुटी संपल्यावर कांहीं दिवस उशिरानें शाळेंत आला. पवित्र शास्त्राच्या तासाला, प्रभूनें पाखरांचा दाखला देऊन केलेल्या उपदेशाचा धडा चालला होता. तो मुलगा उभा राहिला व त्यानें अगदीं साधेपणानें विचारिलें कीं, देव पाखरांना चारा देतो, तर आमच्या घरची कोठी रिकामी कां? वर्गांत कोणी हसलें नाहीं. मीं दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें. तेव्हांपासून या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देण्याचें मी सोडून दिलें आहे. कोणी विचारिलें तर मी पंडिता रमाबाईंचें चरित्र सांगतों. कारण हा प्रश्न त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाच्या अनुभवास आला असेल, असें मला वाटत नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणें त्या काळीं निषिद्ध मानीत. तरी त्यांनीं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, तें शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तेंच धन पुढें आपल्या धाकट्या मुलीच्या पदरीं घातलें. पहाटे पाखरें जागीं होण्याच्या वेळीं आई मुलीला उठवी व जवळ घेऊन पाठ देई. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतां कुटुंबानें घर सोडलें. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोक्यावरून नेलें. त्यानंतरचीं कित्येक वर्षें तीर्थयात्रेंत गेलीं. देवळांत किंवा नदीकांठीं पुराण सांगावें, लोक श्रद्धेनें देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुष्कळसें दानधर्मांत वेंचावें, असा त्या घरचा क्रम होता.

सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत अन्नाचें दुर्भिक्ष्य पडलें. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरीं दाणा नाहीं, तेथें सांगणाऱ्यास कोण देणार? भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं, दागदागिने गेले. व्रतें, उपवास, जप यांत या कुटुंबानें कांहीं उणें ठेविलें नाहीं. मजुरीची कोणाला संवय नव्हती आणि भीक मागावयास जीभ उचलत नव्हती. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास चार माणसें मिळेनात. दोघां ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई झाल्या. त्यांची उंची पुरेना, म्हणून त्यांनीं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढें वडील बहीणहि वारली. सोळा वर्षांच्या मुलीनें एवढें पाहिल्यावर तिची जुनी श्रद्धा डळमळली, यांत नवल तें काय!

उरलेलीं दोघें भावंडें पायीं चालत राहिलीं. कित्येक दिवस रानांतील बोरें हेंच त्यांचें अन्न होतें, आणि भुकेपुढें सालीचा किंवा आठळीचा विचार करावयास त्यांना सवड नव्हती. झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचावण्यासाठीं वाळूंत खड्डे करून त्यांत तीं निजलीं. अशीं हिंडत तीं सन १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या मुलीला कालपर्यंत पोटभर अन्न नव्हतें, तिचें नांव आतां देशभर झालें.

परंतु दुःख सरलें नव्हतें. सन १८८० मध्यें श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी मेधावी या वकिलांशीं विवाह केला. सन १८८१ मध्यें मनोरमा जन्मली, आणि सन १८८२ च्या आरंभीं पटकीनें पति गेले. तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. सन १८८३ मध्यें त्या विलायतेस गेल्या आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें अमेरिकेंत तेथील सज्जनांनीं एक मंडळी स्थापून विधवांच्या शाळेस दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेण्यांत आलें. सदनांतील कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां सन १८९३ मध्यें शहरांत मोठें वादळ उठलें. सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या.

याच सुमाराच्या वर्षांत रमाबाईंच्या वाचनांत ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांचें चरित्र आलें. म्युलरसाहेबांनीं हजारों अनाथ मुलांचा सांभाळ केला, आणि तो कोणापाशीं वर्गणी न मागतां, केवळ प्रार्थनेच्या आधारावर केला. मात्र ते आलेल्या पैन् पैचा हिशोब चोख ठेवीत. हें चरित्र रमाबाईंच्या मनांत खोल रुजलें. तरी त्या हात जोडून स्वस्थ बसल्या नाहींत. पुण्यापासून रेल्वेनें थोड्या अंतरावर केडगांव येथें त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडें लाविलीं. झाडें फळास आलीं म्हणजे सदनाचा कांहीं खर्च त्यांतून निघेल, हा त्यांचा हेतु होता.

झाडें अजून लहानच होतीं, तोंच कसोटीची वेळ आली. सन १८९६-९७ मध्यें आपल्या मेळघाटाला लागूनच असलेल्या मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. निराधार मुली वाटेवर सांपडत, आणि दुष्ट माणसें त्यांना भुलवून नेत, अशा वार्ता येऊं लागल्या. रमाबाईंच्या हातीं असलेला पैसा शारदासदनांतील थोडक्या मुलींपुरताच होता. अमेरिकेच्या मंडळीचें दहा वर्षांचें वचनहि संपत आलें होतें. नव्या मुलींसाठीं कोणीं एक रुपयाचेंहि वचन दिलेलें नव्हतें. आपली शक्ति अल्प आहे, तेव्हां स्वस्थ रहावें, असें त्यांच्याहि मनांत येऊन गेलें. पण स्वतःच्या पोटांतील जुनी भूक त्यांना विसरतां येईना. त्या निघाल्या, दुष्काळी छावण्या त्यांनीं डोळ्यांनीं पाहिल्या, आणि हाडांचे सांपळे झालेल्या मुली बरोबर आणल्या. थोड्याच महिन्यांत ही संख्या सुमारें तीनशेंवर गेली. पुण्यांत तेव्हां प्लेगचा कहर होता. सरकारनें त्या मुलींना शहरांत ठेवूं दिलें नाहीं. तेव्हां केडगांवच्या शेतांत तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या, आणि फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें.

सन १८९९-१९०० चा दुष्काळ तर त्याहूनहि मोठा. वऱ्हाडासहि त्याची झळ लागली, आणि गुजराथेंत तो छप्पनिया या नांवानें लोकांच्या तोंडीं राहिला. तिकडून शेंकडों मुली आल्या व मुक्तींतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या तोंडांना रोज अन्न लागे. मदत कधीं देशांतून, कधीं परदेशांतून येई. उद्यांचें काय, हें पुष्कळदां आज ठाऊक नसे. पहाटे प्रार्थना होई, आणि प्रार्थना आटोपतांच दोन हजार जणींचे हात कामास लागत. कोणी मागावर, कोणी तेलघाण्यावर, कोणी शेतांत, कोणी छापखान्यांत. ज्या घरीं मजुरीची संवय नव्हती, त्या घराचा दुष्काळानें कसा अंत केला, हें पाहिलेल्या रमाबाईंनीं आपल्या एकाहि मुलीला कामावांचून ठेविलें नाहीं. आंधळ्या मुलींनासुद्धां मनोरमाबाईंनीं बोटांनीं वाचावयास शिकविलें.

येथें एक गोष्ट लपवून ठेवितां कामा नये. आणलेल्या सर्वच मुली वांचल्या नाहींत. कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या कीं, अन्न समोर आलें तरी त्यांच्या देहाला तें सोसलें नाहीं. रमाबाईंच्या वांट्यालाहि हें चुकलें नाहीं. जिच्यावर सर्व कार्य सोंपवावयाचें, ती एकुलती एक मुलगी मनोरमा सन १९२१ मध्यें त्यांच्या आधीं गेली. हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्याचें काम त्यांनीं तरीहि सोडलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. मुक्ति मिशन आजहि केडगांवीं उभें आहे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याच्या घरीं दुष्काळ येत नाहीं, असें रमाबाईंचें चरित्र सांगत नाहीं. तें सांगतें तें निराळेंच आहे. मध्य प्रांतांतील त्या उपाशी मुलींनींहि कोणत्या ना कोणत्या नांवानें देवाला हांक मारिली असेल. त्यांना जें अन्न मिळालें, तें आकाशांतून पडलें नाहीं. ज्या स्त्रीला स्वतःला पुढच्या महिन्याची शाश्वति नव्हती, ती त्यांच्याकडे चालत गेली, आणि तिच्या हातून तें आलें. देवाची तरतूद बहुधा अशीच येते. जो पुरेसें जमल्यावर देईन म्हणतो, त्याच्या हातून ती येत नाहीं. जो थोडक्यांतच दार उघडतो, त्याच्या हातून येते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आणि त्यांच्या मातापित्यांनो, कठीण दिवस आले तर प्रार्थना करावी, आणि विहीरहि खणावी, झाडहि लावावें. आणि प्रार्थना करितांना आपल्या शेजाऱ्याच्या कोठींत काय आहे, याचीहि आठवण असूं द्यावी. त्याच्या हांकेचें उत्तर देवानें कदाचित् आपल्याच घरीं ठेविलें असेल. सेमाडोहाच्या त्या मुलाला मी आतां हेंच उत्तर देईन. त्या दिवशीं मधल्या सुटींत त्याच्या वर्गबंधूंनीं न सांगतां आपल्या डब्यांतील अर्धी-अर्धी भाकरी त्याच्यापुढें ठेविली होती. मला वाटतें, त्यांना तें उत्तर माझ्या आधींच समजलें होतें.