कृष्ण पाल : श्रीरामपूर मंडळीचे प्रथमफळ

वाचकहो, बंगालमधील श्रीरामपूर म्हटले की आपणांस विल्यम केरी आठवतात. १८०५ चे मराठी व्याकरण व १८११ चा मराठी नवा करार यांमुळे हुगळीकाठचे ते गाव आपल्याला परके राहिलेले नाही. तथापि छापखाना म्हणजे मंडळी नव्हे. केरी भारतात येऊन सात वर्षे लोटली तरी एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. ही कोंडी फुटली ती एका सुतारामुळे.

कृष्ण पाल हे चंद्रनगरजवळचे, कर्ताभजा पंथाचे अनुयायी. १८०० च्या नोव्हेंबरात पडून त्यांचा हात निखळला. मिशनमधील डॉक्टर जॉन थॉमस यांनी त्यांना झाडाला बांधून तो बसविला आणि तेथेच पापक्षमेची वार्ता सांगितली. हात बरा होत गेला, तसे कृष्ण पाल मिशनच्या घरी येऊ लागले.

२२ डिसेंबर रोजी ते आणि त्यांचे मित्र गोकुळ मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवावयास बसले. वाचकहो, या एका जेवणाची किंमत आपण जाणताच. जात गेली, सोयरे तुटले. जमावाने त्यांना ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेले. अधिकाऱ्याने मात्र त्यांना सोडून दिले. तरी धाक बसलाच. गोकुळ त्या वेळी मागे सरले, घरातील स्त्रियाही सरल्या. २८ डिसेंबरच्या रविवारी कृष्ण पाल एकटेच नदीत उतरले. केरींनी आधी आपला मुलगा फेलिक्स याला व नंतर कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला. त्या दिवशी थॉमस यांचे मन हर्षातिरेकाने ढळले होते आणि केरींच्या पत्नी डोरोथी यांचे तर आधीच ढळलेले होते. मंडळीच्या आनंदाच्या दिवशीही घरातील दुःख असे दाराआड असते.

पुढे घरच्या स्त्रिया आल्या, गोकुळही परतले. कृष्ण पाल यांनी आपल्या घरासमोर स्वखर्चाने प्रार्थनागृह उभारले. दक्षिणेतील काही मंडळ्यांत तेव्हा प्रभुभोजनालाही जातीची बैठक पाळली जाई. श्रीरामपूरने तिला थारा दिला नाही. १८०३ च्या एप्रिलात ब्राह्मणकुळातील कृष्णप्रसाद यांचा विवाह सुतार कृष्ण पाल यांच्या कन्येशी झाला. त्याच वर्षी गोकुळ वारले. ख्रिस्ती मृताला खांदा कोण देणार? एरवी हे काम मोलाने घेतलेल्या गरीब पोर्तुगीजांकडे असे. या वेळी मार्शमन, फेलिक्स, पूर्वीचे ब्राह्मण भैरव आणि पूर्वीचे मुसलमान पीरू यांनी पेटी उचलली. माझ्या मते या मंडळीची खरी स्थापना कागदावर नव्हे, त्या दिवशी रस्त्यावर झाली.

कृष्ण पाल यांनी पुढे कलकत्त्यात सुवार्तेचे काम केले. १८१३ साली ते खासी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत गेले आणि तेथेही काहींना बाप्तिस्मा दिला. त्यांनी रचलेले एक बंगाली गीत मार्शमन यांनी इंग्रजीत नेले. ते पुढे परदेशी उपासनांतही गाइले गेले. १८२२ च्या ऑगस्टात पटकीच्या साथीने त्यांना गाठले.