डॉ. आनंदीबाई जोशी : पदवी मिळाली, वर्ष मिळालं नाही

आनंदीबाईंचं चरित्र शिकवताना आपण बहुतेक वेळा पदवीपाशी थांबतो. टाळ्या, आणि पुढचा पाठ. पण वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, की त्या स्वतः डॉक्टर होत्या तर बऱ्या का झाल्या नाहीत? आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीत धूळ उडते, चुलीही अजून पेटतात. दम लागणारी आजी तिच्याही घरात आहे. म्हणून हा लेख.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, वयानं बरेच मोठे, आणि बायकोनं शिकलंच पाहिजे यावर हटून बसलेले. (त्यांचा हट्ट कधी कधी जाचही व्हायचा, हेही मुलांना सांगावं.) चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिथंच ठरलं.

1883 मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाची आबाळ, अंगावर लुगडं. राहत्या खोलीतली शेकोटी नीट चालत नसे, पेटवली की धूर कोंडायचा, असं त्यांच्या चरित्रात येतं. धूर सोसा नाहीतर थंडी! प्रकृती ढासळली, तरी 11 मार्च 1886 ला त्यांनी पदवी घेतलीच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागात नेमणूकही झाली. त्या परतल्या त्या क्षय घेऊन. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण नव्हतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं 1882 मध्ये जाहीर केला होता, पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. रक्तात जंतूंच्या विषाला मारक असं काही तयार होतं, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं ते 1890 मध्ये, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर तीन वर्षांनी. त्यालाच आपण आज प्रतिपिंडं म्हणतो. क्षयाशी झुंजतात त्या मुख्यतः पांढऱ्या पेशी. पण न्यूमोनियासारख्या इतर संसर्गांत प्रतिपिंडं फार मोलाची.

आणि इथं आजीचा संबंध येतो. धुरानं, तंबाखूच्या धूम्रपानानं किंवा जुन्या क्षयानं फुप्फुसं खराब झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी आढळतात. स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस चालल्या तरी ती घटू शकतात. अशा रुग्णांना दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता जास्त असते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. एकदा बरं वाटलं, की महिन्याभरात परत कफ, ताप, धाप. घरचे म्हणतात वय झालं. खरं तर वारंवार असं होत असेल तर प्रतिपिंडांची रक्ततपासणी करता येते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही डॉक्टरांना विचारता येतं. गोळ्या मात्र मनानं बंद करू नयेत.

आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेतल्या त्यांच्या मैत्रीण थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. नकाशात ते गाव दाखवलं, की मुलं वाशीमपासून अंतर मोजायला लागतात.