सर्पगंधा आणि डॉक्टर वकिलांच्या नोंदी

सायलोसायबिनसारखी, भास निर्माण करणारी औषधे मनोविकारांवर वापरून पाहण्याच्या चाचण्या सध्या परदेशांत चालू आहेत. गुण किती जणांना आला याइतकाच, त्रास कुणाला झाला आणि तो किती दिवस टिकला, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरतो आहे. सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्याकडच्या एका मुळीवरून उभा राहिला होता. ती मुळी जगापुढे नेणाऱ्यांत मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ आघाडीवर होते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळपास नव्हतेच. सर्पगंधा मात्र होती. बिहारमध्ये ती वेडावरचे औषध म्हणून ओळखली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे लिहिले होते.

वकिलांचे काम दिसायला कंटाळवाणे होते. रुग्णाला औषध द्यायचे, पुन्हा बोलवायचे, दाब मोजायचा, तक्रारी विचारायच्या, लिहून ठेवायचे. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. गुण येतो असे सांगणारे वैद्य-डॉक्टर पुष्कळ होते. आकडे मांडणारे थोडे.

बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी निबंध वाचून औषध मागवले. रक्तदाब उतरतोच, शिवाय माणूस शांत होतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरले. अस्वस्थ, आक्रमक रुग्ण निवळू लागले.

मग दुसरी बाजू दिसली. १९५४ मध्ये एडवर्ड फ्राइस यांनी कळवले की रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ रिसर्पिन घेणाऱ्या काहींना गंभीर उदासी आली. मन शांत करणारे औषध मन बुडवूही शकते? जालना एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला आज कुणी झोपेसाठी सर्पगंधेची पूड सुचवली, तर हेच विचारायला हवे: मात्रा किती, किती दिवस, आणि मध्ये तपासणार कोण? ‘झाडपाल्याला अपाय नसतो’ ही समजूत इथे उपयोगाची नाही.

गंमत म्हणजे १९५५ मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांना उलटेच आढळले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांचे दोन गट केले. एकाला रिसर्पिन, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली. रिसर्पिनवाल्यांना अधिक आराम पडला. रिसर्पिनने उदासी येतेच का, यावर अजूनही एकमत नाही.

१९५७ मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. त्याच वर्षी तो क्लाइन यांनाही मिळाला. एकाच मुळीसाठी एक हृदयाचा डॉक्टर आणि एक मनाचा. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर नव्या औषधांपुढे रिसर्पिन मागे पडू लागले होते.