उत्तर उशिरा सुचणाऱ्याची मैत्री

चारचौघांत विनोद होतो, सगळे हसतात आणि एखाद्याला तो जरा वेळाने कळतो. मग ‘ट्यूबलाइट’ म्हणून त्याची चेष्टा सुरू होते. शाळेत अशा मुलाला ढ म्हणतात, ऑफिसात स्लो. असे शिक्के बसलेली माणसे हळूहळू घोळक्यातून बाजूला सरकतात. पटकन बोलता येत नाही म्हणजे आपल्याला मित्रच मिळणार नाहीत, असे त्यांना वाटू लागते. अशांनी चार्ल्स डार्विनचे आयुष्य जरूर पाहावे.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा हा शास्त्रज्ञ स्वतःला चटकन समजणाऱ्यांत गणत नसे. १८७६ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहिले. त्यात आपल्या बुद्धीचा हिशेब त्याने मोकळेपणाने मांडला आहे. हजरजबाबीपणा आपल्याकडे नाही. एखादा लेख वाचला की आधी तो आवडतोच, त्यातल्या कच्च्या जागा बराच विचार केल्यावर दिसतात, असे तो सांगतो. चटकन समजणाऱ्या माणसाचे उदाहरण म्हणून तो आपल्याच मित्राचे, थॉमस हक्सलीचे, नाव घेतो. अशा माणसाने जोडलेली मैत्री तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे टिकली.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर होते. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. धाकटी बहीण कॅथरीन त्याच्यापेक्षा लवकर शिके. शाळेतले मास्तर आणि खुद्द वडील त्याला सामान्य, किंबहुना सामान्यापेक्षा थोडा कमीच समजत. परभाषा त्याला कधीच नीट जमल्या नाहीत. थोरल्या भावाबरोबर घरच्या बागेतल्या खोलीत तो रसायनांचे प्रयोग करी, म्हणून शाळेतल्या मुलांनी त्याचे नाव ‘गॅस’ ठेवले. एकदा विचारांच्या तंद्रीत चालताना तो जुन्या तटबंदीवरून सात-आठ फूट खाली पडला. तरी शाळेत त्याला मित्र भरपूर होते आणि त्यांच्यावर त्याचा फार जीव होता. म्हणजे माया कमी नव्हती. वेग कमी होता.

हा वेग म्हणजे नेमके काय? कानावर किंवा डोळ्यांवर आलेली माहिती ओळखायची, तिचा अर्थ लावायचा, उत्तर ठरवायचे आणि ते बोलून किंवा कृतीतून द्यायचे, या साखळीला लागणारा वेळ. त्याला प्रोसेसिंग स्पीड म्हणतात. बुद्धिमापनाच्या प्रचलित चाचण्यांत तो वेगळा मोजतात. ठरावीक वेळात आकड्यांसमोर त्यांची चिन्हे लिहायची किंवा सारखी चिन्हे शोधायची, असे साधे काम देतात. भाषेची समज आणि तर्कशक्ती यांचे गुण वेगळे धरले जातात. त्यामुळे एकाच माणसात तर्क उत्तम आणि वेग कमी, असे चित्र दिसू शकते.

गप्पांमध्ये हा फरक लगेच उघडा पडतो. जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला, तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाले. समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर तयार होत असते, म्हणून हे शक्य होते. ज्याला याहून थोडा जास्त वेळ लागतो, त्याचे वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोघांत बोलताना समोरचा थांबतो. सहा जणांत कोणीच थांबत नाही. मग गप्प बसणाऱ्याला लोक शिष्ट समजतात, नाहीतर त्याला आपल्यात रस नाही असे मानतात. मैत्री तुटण्याची सुरुवात बहुधा या गैरसमजातून होते.

डार्विनच्या बाबतीत केंब्रिजमध्ये वेगळे घडले. त्याआधी एडिंबरोला वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्याला पाठवले होते. भूल देण्याचे औषध नसलेल्या त्या काळातल्या शस्त्रक्रिया पाहून तो पळाला. १८२८ मध्ये तो केंब्रिजला आला. गणितासाठी शिकवणी लावूनही प्रगती फारच संथ होती. पण वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्याशी त्याचे सूर जुळले. दोघे जवळजवळ रोज लांब फिरायला जात. पुढे पुढे तर हेन्स्लोंबरोबर फिरणारा मुलगा म्हणूनच लोक त्याला ओळखू लागले. चालताना बोलण्याची घाई नसते. मधली शांतता खटकत नाही, आणि समोर एखादे झाड किंवा किडा असला की बोलायला विषयही मिळतो. याच हेन्स्लोंनी ‘बीगल’ जहाजावरच्या सफरीसाठी त्याचे नाव सुचवले. डिसेंबर १८३१ ते ऑक्टोबर १८३६ या जवळपास पाच वर्षांच्या सफरीने विज्ञानाचा इतिहास बदलला.

१८३९ मध्ये त्याचे मामेबहीण एमा वेजवुडशी लग्न झाले आणि १८४२ मध्ये दोघे लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेले. तोवर त्याची तब्येत बिघडू लागली होती. मेजवानीला गेले की नंतर अंगात थरथर भरे आणि उलट्या होत, म्हणून त्याने मेजवान्या सोडल्या. अर्धा तास जास्त गप्पा झाल्या तर रात्रीची झोप जाई. या आजाराचे निदान आजही वादाचे आहे, त्यामुळे हे सारे संथ विचारांमुळेच झाले, असे कोणी म्हणू नये. मुलगा फ्रान्सिस लिहितो की बोलताना वडील वाक्याच्या सुरुवातीला अडखळत आणि एका पोटवाक्यात दुसरे अडकवत जात.

तरीही हा माणूस एकलकोंडा झाला नाही. त्याने मैत्रीची रीत बदलली. तोंडी गप्पांची कसर त्याने पत्रांनी भरून काढली. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली सुमारे १५,००० पत्रे आज हाताशी आहेत. उत्तर द्यायचे राहिलेले पत्र त्याच्या मनाला टोचत राही. अनोळखी माणसाच्या वेडगळ पत्रालाही तो सहसा उत्तर देई. पत्राला उत्तर देताना कोणी घड्याळ लावून बसलेले नसते. लिहिण्यातही तो चपळ नव्हता; सुटसुटीत वाक्य लिहायला आपल्याला कष्ट पडतात, अशी त्याची तक्रार होती. पण त्यामुळे प्रत्येक वाक्यावर जास्त विचार होतो आणि स्वतःच्या चुका सापडतात, हा फायदाही त्याने नोंदवला आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट तो लगेच टिपून ठेवी, कारण तीच चटकन विसरली जाते, हे त्याने ओळखले होते.

वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर हा त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र. दोघांमधली सुमारे १,४०० पत्रे उपलब्ध आहेत. सजीवांच्या जाती बदलत असाव्यात हा आपला संशय डार्विनने जानेवारी १८४४ मध्ये त्याला पत्रातूनच कळवला. हूकर डाउनला राहायला आला की नाश्ता झाल्यावर डार्विन त्याला अभ्यासिकेत नेई आणि प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढी. अर्धा तास ही प्रश्नोत्तरे चालत. ऐन वेळी सुचणार नाही हे माहीत असल्याने प्रश्न आधीच लिहून ठेवायचे, आणि थकवा येण्याआधी थांबायचे. हूकरला यात विचित्र काही वाटले नाही. उलट अशा भेटींतून आपल्यालाच खूप मिळाले, असे तो पुढे सांगत असे.

गावच्या चर्चचे पाद्री ब्रॉडी इनेस यांच्याशीही त्याची अशीच मैत्री होती. दोघांची मते क्वचितच जुळत. एकदा गावातल्या एका किरकोळ मुद्द्यावर सभा झाली. रात्री डार्विन इनेस यांच्या दारात हजर. सभेत आपण बोललो ते बरोबरच होते, पण त्यावरून तुमचा चुकीचा समज झाला असेल, तो दूर केल्याशिवाय झोप येणार नाही, असे त्याचे म्हणणे. सभेत जे वेळेवर सुचले नाही, ते घरी गेल्यावर सुचले होते. आपल्यापैकी बहुतेकांना असे नंतर सुचते तेव्हा आपण हळहळतो आणि गप्प बसतो. डार्विन उठून मित्राच्या घरी गेला. इनेस यांनी ही आठवण कौतुकाने जपली.

पटकन बोलण्याची गरज पडे तिथे मित्र धावून येत. ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये निघाले. पुढच्या वर्षी ३० जून रोजी ऑक्सफर्डच्या सभेत बिशप विल्बरफोर्स यांनी त्यावर हल्ला चढवला. डार्विन तेव्हा उपचारांसाठी दुसरीकडे होता. सभेत उत्तर दिले ते हक्सली आणि हूकर यांनी. अशा सभेत बिशपना तोंड देणे आपल्याला जमलेच नसते, हे डार्विनने नंतर पत्रातून मान्य केले. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि त्याने परतफेडही केली, आपल्या पद्धतीने. १८७३ मध्ये कामाने खचलेल्या हक्सलीला विश्रांती घेता यावी म्हणून मित्रांनी २,१०० पौंड जमवले; हक्सलीचा मान दुखावू नये म्हणून ते देतानाचे नाजूक पत्र डार्विनने लिहिले. त्याआधी, सप्टेंबर १८६३ मध्ये, हूकरची सहा वर्षांची मुलगी वारली. तासाभरात हूकरने पत्र लिहायला घेतले ते डार्विनला. डार्विनची लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली होती, हे हूकरला ठाऊक होते. अशा वेळी माणसाला हजरजबाबी मित्र आठवत नाही. ज्याला आपले दुःख समजेल, तो आठवतो.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत हूकर आणि हक्सली दोघेही होते.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. डार्विनची चाचणी कोणी घेतलेली नाही, त्यामुळे त्याला कोणतेही निदान चिकटवणे चूक ठरेल. शिवाय त्याच्याकडे वडिलोपार्जित पैसा होता, नोकरचाकर होते आणि सगळे सांभाळणारी एमा होती. लोकलमधून धावत ऑफिस गाठणाऱ्याला असे संथ जगणे परवडत नाही. पण त्याच्या युक्त्यांना पैसा लागत नाही. मोठ्या घोळक्याऐवजी एकाच मित्राला भेटावे. बसून गप्पा मारण्यापेक्षा चालत किंवा काही काम करत बोलावे. महत्त्वाचे बोलणे आधी कागदावर उतरवावे. उशिरा सुचलेले उत्तर दुसऱ्या दिवशी फोन करून किंवा संदेश पाठवून सांगावे. जवळच्या माणसाला एकदा स्पष्ट सांगून टाकावे की मला उत्तर द्यायला वेळ लागतो, मी गप्प आहे म्हणजे रागावलेलो नाही.

इतरांनी करायचे त्याहून सोपे आहे. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजावेत. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. जेवणाच्या टेबलावर आजी-आजोबांना किंवा गप्प राहणाऱ्या मुलाला नाव घेऊन विचारावे आणि खरोखर थांबावे.

डॉक्टरकडे कधी जायचे, हेही लक्षात ठेवावे. लहानपणापासून असलेला संथपणा हा आजार असेलच असे नाही. पण मूल अभ्यासात मागे पडत असेल किंवा मित्रांना टाळत असेल, तर त्याची तपासणी करावी. अतिचंचलता व लक्ष न लागण्याच्या विकारात वेग कमी आढळू शकतो. वयानुसार तो सगळ्यांचाच थोडा कमी होतो. मात्र पूर्वी चटपटीत असलेला माणूस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मंदावला, तर नैराश्य, थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अपुरी झोप, डोक्याला मार, कमी ऐकू येणे किंवा गुंगी आणणारी औषधे यांपैकी काही कारण आहे का, हे पाहावे लागते. यातल्या अनेक कारणांवर चांगले उपचार आहेत. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातली ताकद गेली, तर ती पक्षाघाताची लक्षणे असतात; तेव्हा एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

बाकी, घरात किंवा वर्गात एखाद्याची ट्यूबलाइट उशिरा पेटत असेल, तर तिला पेटायला वेळ द्यावा. हेन्स्लो, हूकर आणि इनेस यांनी तो दिला, आणि आयुष्यभराचा मित्र मिळवला.