विश्लेषण : ‘पोकरा’च्या अनुदानाला ज्यांचे नाव आहे, ते सेनगाव तालुक्यातील नानाजी देशमुख कोण होते?

ठिबक संच, शेडनेट, विहीर किंवा फळबागेसाठी ‘पोकरा’मधून अनुदान मिळाले का, हा मराठवाडा-विदर्भातील गावांत नेहमी विचारला जाणारा प्रश्न. या योजनेचे पूर्ण नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. ज्यांचे नाव योजनेला दिले, ते नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या कडोळी गावचे. केंद्रात चालून आलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि उरलेले आयुष्य खेड्यांत काढले. सरकारचा पैसा गावात आला तरी गाव का बदलत नाही, हा त्यांच्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. त्यांच्या नावाच्या योजनेपुढेही आज तोच प्रश्न आहे.

जन्म कुठे झाला, शिक्षण कसे झाले?

नानाजींचे मूळ नाव चंडिकादास अमृतराव देशमुख. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळीत झाला. तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने ते मामांकडे वाढले. शाळेच्या खर्चासाठी त्यांनी भाजी विकल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते.

शिक्षणासाठी ते राजस्थानात सीकरला गेले. तेथे संस्थानिकांकडून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. पुढचे शिक्षण पिलानीच्या बिर्ला महाविद्यालयात झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचा संबंध तरुणपणीच आला. १९४० मध्ये डॉ. हेडगेवार यांच्या निधनानंतर ते प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गेले. आधी आग्रा आणि नंतर गोरखपूर हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. गोरखपुरातच त्यांनी पहिले सरस्वती शिशु मंदिर सुरू केले. पुढे या शाळांचे जाळे देशभर पसरले.

राजकारणात त्यांचे स्थान काय होते?

१९४७ च्या सुमारास ‘राष्ट्रधर्म’, ‘पांचजन्य’ आणि ‘स्वदेश’ ही नियतकालिके निघाली. त्यांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी नानाजींकडे होती, तर संपादनात अटलबिहारी वाजपेयी होते. १९५१ मध्ये भारतीय जनसंघ स्थापन झाला. उत्तर प्रदेशात पक्ष बांधण्याचे काम नानाजींकडे आले. वेगवेगळ्या पक्षांतील नेत्यांशी संबंध राखणारे संघटक अशी त्यांची ओळख होती. १९६७ मध्ये उत्तर प्रदेशात चौधरी चरणसिंह यांचे बिगरकाँग्रेस सरकार आले, तेव्हा ही ओळख कामी आली. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतही त्यांनी काही काळ घालवला.

१९७४ च्या बिहार आंदोलनात पाटण्यात जयप्रकाश नारायण यांच्यावर लाठ्या बरसल्या, तेव्हा नानाजींनी त्या स्वतःवर झेलल्या आणि त्यात त्यांचा हात जखमी झाला. आणीबाणीच्या काळात लोकसंघर्ष समितीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. काही काळ ते भूमिगत राहिले, नंतर त्यांना अटक झाली.

मंत्रिपद का नाकारले?

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत नानाजी उत्तर प्रदेशातील बलरामपूरमधून निवडून आले. मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान देऊ केले गेले, पण त्यांनी ते स्वीकारले नाही. साठी ओलांडलेल्या नेत्यांनी सत्तेची पदे सोडून समाजात जाऊन काम करावे, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी ते स्वतः साठीत होते. १९७८ मध्ये त्यांनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली.

गावांतल्या कामासाठी त्यांच्या हाती एक संस्था आधीच होती. दीनदयाळ उपाध्याय यांच्या निधनानंतर १९६८ मध्ये त्यांनी दिल्लीत दीनदयाळ शोध संस्थानाची पायाभरणी केली होती. राजकारण सोडल्यावर याच संस्थेचे काम त्यांनी खेड्यांकडे वळवले.

गोंडा जिल्ह्यात नेमके काय केले?

बलरामपूर तेव्हा गोंडा जिल्ह्यात होते. आपल्याला निवडून देणाऱ्या जिल्ह्यातूनच नानाजींनी सुरुवात केली. तेथे ‘जयप्रभाग्राम’ हे केंद्र उभे राहिले. हे नाव जयप्रकाश आणि त्यांच्या पत्नी प्रभावती यांच्या नावांवरून ठेवले आहे. १९७८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक शेताला पाणी, हे या कामाचे सूत्र होते.

या भागात पाणी जमिनीखाली फार खोल नव्हते. अडचण कूपनलिकेच्या खर्चाची होती. लोखंडी पाइप आणि जाळी लहान शेतकऱ्याला परवडत नव्हती. त्यावर बांबूच्या कूपनलिकेचा उपाय पुढे आला. लोखंडी कड्यांभोवती बांबूच्या पट्ट्या बांधायच्या, त्यावर काथ्या गुंडाळायचा आणि ही नळी जमिनीत उतरवायची. वाळू बाहेर अडते आणि पाणी आत येते. खर्च लोखंडी नळीच्या तुलनेत बराच कमी येतो. हे तंत्र बिहारमध्ये आधीपासून होते. नानाजींच्या संस्थेने ते गोंडा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पसरवले.

सेनगावच्या शेतकऱ्याला मात्र हा उपाय जसाच्या तसा उपयोगी नाही. गंगेच्या खोऱ्यात गाळाची मऊ जमीन आहे, तर मराठवाड्यात काळ्या मातीच्या खाली बेसाल्टचा कठीण खडक. येथे पाणी खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे पावसाचे पाणी अडवणे आणि मुरवणे याला पर्याय राहत नाही. संस्थेने मराठवाड्यात बीड जिल्ह्यातही काम केले. अंबाजोगाईचे कृषी विज्ञान केंद्र तिच्याच अखत्यारीत आहे.

चित्रकूटचा प्रयोग काय होता?

उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरील चित्रकूट हे नानाजींच्या आयुष्याचे शेवटचे आणि सर्वांत मोठे कार्यक्षेत्र. ते १९८९ मध्ये तेथे गेले आणि तेथेच राहिले. १९९१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने चित्रकूट ग्रामोदय विश्वविद्यालय स्थापन केले, त्याचे पहिले कुलाधिपती नानाजी होते. नंतर मझगवाँ आणि गनीवाँ येथे कृषी विज्ञान केंद्रे उभी राहिली.

सुमारे ५०० गावे स्वावलंबी करण्याचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. त्यासाठी ‘समाजशिल्पी दाम्पत्य’ ही पद्धत आणली. पदवीधर पती-पत्नीने गावातच मुक्काम करायचा आणि आसपासच्या पाच गावांची जबाबदारी घ्यायची. माती परीक्षण, बियाणे, पाणलोटाची कामे, मुलांची शाळा, आरोग्य, गावातले तंटे अशा सगळ्या कामांत ते मदत करत. अडीच एकर जमिनीत एका कुटुंबाचे वर्षभराचे धान्य, भाजी, फळे आणि रोख उत्पन्न कसे बसवायचे, याचा नमुनाही केंद्राने तयार केला. गावातला वाद कोर्टात न जाता गावातच मिटावा, यावर भर होता. २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी चित्रकूटला भेट देऊन या कामाचे कौतुक केले.

नानाजी सरकारी अनुदानाच्या विरोधात होते का?

तसे म्हणता येत नाही. कृषी विज्ञान केंद्रे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निधीतून चालतात. यजमान संस्था विद्यापीठ असू शकते किंवा स्वयंसेवी संस्था. हिंगोली जिल्ह्याचे कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे केंद्रही याच देशव्यापी योजनेचा भाग आहे. नानाजींच्या संस्थेच्या केंद्रांनाही हाच निधी मिळतो.

त्यांचा आग्रह वेगळा होता. पैसा येण्याआधी गावाने आपली गरज स्वतः ठरवावी, कामात स्वतःचा वाटा घालावा आणि ते काम शिकवणारा माणूस गावात राहणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. या पद्धतीची मर्यादाही दिसते. प्रत्येक पाच गावांमागे पूर्णवेळ दाम्पत्य देणे एका संस्थेला काही शे गावांत शक्य होते. हजारो गावांत ते करायचे तर सरकारी यंत्रणेलाच उतरावे लागते.

‘पोकरा’ नेमके काय देते?

फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४ हजार कोटी रुपये धरला होता. त्यात ७० टक्के वाटा कर्जाचा आणि ३० टक्के राज्य सरकारचा. हवामान बदलाचा फटका बसणाऱ्या सुमारे ५ हजार गावांची निवड झाली. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, म्हणून हिंगोलीही आले. पहिल्या टप्प्यातील मुख्य तरतुदी अशा होत्या :

- दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना वैयक्तिक घटकांसाठी ७५ टक्के, तर दोन ते पाच हेक्टर असलेल्यांना ६५ टक्के अनुदान.
- घटक : ठिबक, तुषार, शेततळे, विहीर, पाइप, शेडनेट, फळबाग, रेशीम, गांडूळ खत इत्यादी. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटक.
- शेतकरी गट आणि कंपन्यांना साधारण ६० टक्के अनुदान.
- नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती अशा सामूहिक मृद-जलसंधारणाच्या कामांचा पूर्ण खर्च प्रकल्पातून.

गावात पडणारा पाऊस आणि पिकांना लागणारे पाणी यांचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईची मदत घेण्यात आली. सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी आणि शून्य मशागत या पद्धतींवर भर देण्यात आला. शून्य मशागतीत पिकाची धसकटे आणि काडीकचरा शेतातच कुजतो, तो जाळला जात नाही. त्यामुळे धूर टळतो, नांगरणीचे डिझेल वाचते आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकतो.

नानाजींच्या विचाराशी योजना कुठे जुळते, कुठे अडते?

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. गावाचा आराखडा तिच्या सहभागाने तयार होतो आणि अर्जही तिच्यापुढे येतात. समूह सहायक आणि ‘कृषी ताई’ अशी माणसे गावासाठी नेमण्यात आली. गावाने गरज ठरवावी आणि मदतीला माणूस जवळ असावा, ही चित्रकूटची कल्पना येथे वेगळ्या रूपात दिसते.

अडचण पैसे मिळण्याच्या क्रमात आहे. शेतकरी ऑनलाइन अर्ज करतो आणि त्याला पूर्वसंमती मिळते. मग तो स्वतःच्या पैशाने खरेदी किंवा काम करतो आणि बिले अपलोड करतो. मोका तपासणी होते आणि त्यानंतर अनुदान थेट बँक खात्यात येते. यामुळे मधला दलाल टळतो आणि नोंद राहते. पण समजा संचाची किंमत १ लाख रुपये असेल, तर ७५ हजार परत मिळण्याआधी पूर्ण १ लाख उभे करावे लागतात. खरिपात सोयाबीन, तूर किंवा हळदीवर आधीच खर्च केलेल्या दोन एकरवाल्याकडे ही रक्कम नसते. तो उसनवारी करतो किंवा अर्जच करत नाही. टक्का सर्वांत जास्त ज्याच्यासाठी ठेवला, त्याच्यासाठीच पहिले पाऊल सर्वांत अवघड ठरते. गोंडा जिल्ह्यात नानाजींनी आधी उपायाचा खर्चच कमी केला होता, हा फरक येथे लक्षात येतो.

पुढे काय?

नानाजींचे २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी दान करण्यात आला. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते आणि त्याच वर्षी ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले होते. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

प्रकल्पाचा पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. सुमारे ६ हजार कोटी रुपयांच्या दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतील ७ हजारांहून अधिक गावे आहेत. गावांची निवड पाणलोटाच्या समूहांनुसार होत असल्याने शेजारचे गाव यादीत असले तरी आपले असेलच असे नाही. त्यामुळे गाव यादीत आहे का, समितीची बैठक कधी झाली आणि आराखड्यात कोणती कामे आहेत, हे ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकांकडे आधी विचारून घ्यावे. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये, कारण तशा खर्चाला अनुदान मिळत नाही.