माळ्यावरची रद्दी आणि इतिहासाचार्य राजवाडे

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही घर आवरले. जुने धाब्याचे घर पाडून तिथेच पक्के बांधायचे ठरले होते, त्यामुळे ही आवराआवर दर वर्षासारखी नव्हती. जे ठेवायचे तेवढेच ठेवायचे, बाकीचे ज्याच्या उपयोगी पडेल त्याला द्यायचे, असे मायने ठरवले. जुनी लुगडी आणि वडिलांचे सदरे बोहारणीला देऊन एक पातेले घेतले. गोधड्या गावाबाहेर उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्यावर दिल्या. जास्तीचा पाटा-वरवंटा शेजारच्या काकूंनी मागून नेला. राहिली ती आजोबांची पत्र्याची पेटी. तिच्यात नुसते कागद होते.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून ते कागद पाहायचे काम माझ्याकडे आले. मी दोनचार कागद उलगडून पाहिले. तिकिटे, शिक्के, अंगठ्यांचे ठसे, काही ठिकाणी कसरीने खाल्लेले. ही रद्दी आहे, असा निर्णय मी दिला. भंगारवाल्याने ती तोलून नेली. आलेल्या पैशांत पणत्या आणल्या. चार दिवसांनी आजी माहेराहून परतली आणि तिने पेटीची चौकशी केली. आजोबा सालदार होते. सावकाराचे कर्ज फेडल्याचा कागद त्यांनी जन्मभर जपला होता. त्यांना वाचता येत नव्हते, पण त्या कागदाची घडी ते ओळखत. आजी मला रागावली नाही. ती गप्प बसली, तेच मला जास्त लागले.

यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यावर टिपण लिहायला सांगितले. ज्या माणसाने आपले सारे आयुष्य लोकांच्या घरातल्या रद्दीपायी वेचले, त्याचे चरित्र मी अशा वेळी वाचले. ते माझ्या मैत्रिणींना आणि मित्रांना सांगावेसे वाटते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावी झाला. वडील लहानपणीच वारले. शिक्षण मुख्यतः पुण्यास झाले. ते डेक्कन कॉलेजात शिकले. पण ठरलेली पुस्तके पाठ करून परीक्षा देण्यात त्यांचे मन रमत नसे. आपल्याला हवे ते वाचावे, व्यायाम करावा, असा त्यांचा क्रम. त्यामुळे बी. ए. व्हायला त्यांना इतरांपेक्षा बरीच अधिक वर्षे लागली. परीक्षेत मागे पडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून धीर येतो, पण ते त्या काळात स्वस्थ बसलेले नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे काही काळ त्यांनी शिक्षकी केली. भाषांतर नावाचे मासिक काढले आणि त्यात प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाचे मराठी रूप दिले. जगातले उत्तम ज्ञान मराठीत यावे ही त्यांची तळमळ होती. स्वतः इंग्रजी उत्तम जाणत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला. याच सुमारास त्यांची पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. संसाराचे ओझे गेले आणि एका वेगळ्याच संसाराला सुरुवात झाली.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली लिहिलेला ग्रंथ. तो अपुरा आहे, हे राजवाड्यांना पटले होते. पण नुसते पटून काय उपयोग? खरे काय घडले ते सांगायला पुरावा हवा. पेशव्यांचे दफ्तर पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना ते सहज पाहता येत नसे. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत प्रसिद्ध होऊ लागले, तोवर १९३०चा सुमार आला होता. मग राहिला एकच मार्ग. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, उपाध्ये, मठ यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या पडून राहिलेले कागद शोधायचे.

हे कागद कसे होते? मोडी लिपीत लिहिलेले, कापडी रुमालांत बांधलेले, माळ्यावर, पेटाऱ्यांत, कणगीच्या आडोशाला टाकलेले. राज्य गेले, वतनांचा रुबाब गेला, घरातली नवी पिढी नोकरीसाठी शहरात गेली. तिला हे रुमाल म्हणजे अडगळ वाटू लागली. काही वाळवीने खाल्ले, काही पावसात भिजून लगदा झाले, काही चुलीत गेले, काही वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेले. ज्या पत्रात पानिपतावरची खबर असेल, त्याच पत्रात कोणाच्या घरी हळद बांधून गेली असेल. घर साफ झाले, पण काय गेले ते कोणालाच कळले नाही.

राजवाडे या घरांच्या दारांशी जाऊन उभे राहिले. अंगावर साधे कपडे, बरोबर थोडेसे सामान, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. गावोगाव ते हिंडले, पुष्कळदा पायीच. सगळीकडे स्वागत झाले असे नाही. काहींना वाटे की, हा गृहस्थ आपल्या वतनाचे कागद पाहून काही भानगड उभी करील. काही जण दाखवतो म्हणून दिवसेंदिवस बसवून ठेवत. काही मात्र उलट आनंदाने रुमाल बाहेर काढून देत, कारण त्यांची जागा मोकळी होत असे. जे मिळेल ते राजवाडे झटकत, वाचत, नकलून घेत.

१८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती. पानिपतच्या मोहिमेची हकीकत त्या काळच्या माणसांच्या पत्रांतून वाचकांसमोर आली. खंडाला राजवाड्यांनी दीर्घ प्रस्तावना जोडली. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. यामागे ना सरकारी अनुदान, ना मोठा आश्रयदाता. साताऱ्याकडे पारसनीस, मिरजेस वासुदेवशास्त्री खरे असेच काम करीत होते, पण भटकंतीत राजवाड्यांची बरोबरी करणारा विरळा.

जमवलेले कागद आपल्या घरी साठवून ठेवावेत हा त्यांचा स्वभाव नव्हता. एका माणसाच्या घरात राहिलेला कागद त्या माणसाबरोबर नाहीसा होतो, हे त्यांनी शेकडो घरांत पाहिले होते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. लोकांनी आपल्याकडचे कागद तिथे द्यावेत, ते नीट राहावेत आणि ज्याला हवे त्याने पाहावेत, अशी ती सोय होती. आज शंभरहून अधिक वर्षांनीही ती संस्था उभी आहे.

राजवाड्यांचा अभ्यास इतिहासापुरता नव्हता. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. १९२४ साली महिकावतीची बखर छापली. शब्दांच्या व्युत्पत्तीचा आणि विवाहसंस्थेचाही शोध घेतला.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर चरित्र म्हणजे नुसती आरती होते. स्वभाव अतिशय तापट. मतभेद झाला की संस्था सोडायलाही ते मागेपुढे पाहत नसत. जातींविषयी त्यांनी केलेली काही विधाने अनेकांना दुखावणारी होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिले. आणि ज्ञानेश्वरीची ती मूळ पोथी पुढे इतर अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. कागद सर्वांसाठी खुले करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे असे घडावे, याचे आश्चर्य वाटते.

आयुष्याच्या अखेरीस राजवाडे आपल्या धुळ्यास आले. पश्चिम खानदेशाचे हे ठाणे तेव्हा विद्याप्रेमी माणसांचे होते. शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठांतून हस्तलिखिते गोळा करीत होते. सत्कार्योत्तेजक सभा १८९३ पासून चालू होती. शब्दांच्या कोशाचे काम हातात असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांनी धुळ्यात देह ठेवला. मागे घरदार, पैसा असे काही नव्हते. होती ती कागदांची आणि टिपणांची गाठोडी. मालकाच्या मागे अशा गाठोड्यांचे काय होते, हे आपण वर पाहिलेच. पण धुळेकरांनी तसे होऊ दिले नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट यांच्यासारख्यांनी ते वाढवले. संशोधक हे नियतकालिक निघाले आणि राजवाड्यांचा अपुरा राहिलेला धातुकोश मंडळाने छापला. दुसऱ्यांची रद्दी वाचवणाऱ्याची रद्दी दुसऱ्यांनी वाचवली.

हे टिपण लिहिताना एक विचार मनात येत राहिला. राजवाडे ज्या घरांत गेले ती वाड्यांची घरे होती. आमच्यासारख्यांच्या घरी ते आले नसते. आले असते तरी आमच्याकडे कागद कुठे होते? आता आहेत. साल ठरल्याची चिठ्ठी, कर्ज फिटल्याची पावती, पहिल्यांदा शाळेत नाव घातल्याचा दाखला. आमच्या घरांचा इतिहास लिहायचा झाला तर तो यांतूनच लिहावा लागेल, आणि ते कागद वाचू शकणारी पहिली पिढी आपणच आहोत. मी वाचू शकत होते आणि वाचले नाही.

घर आवरणे वाईट नाही. वापरात नसलेली वस्तू अडवून ठेवण्यापेक्षा ती गरजवंताच्या हाती जावी हे योग्यच. बोहारणीला दिलेल्या लुगड्याचे मला काही वाटत नाही. पण देण्याआधी ती वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे, एवढे पाहिले पाहिजे. कपडा अंगाला हवा, धान्य पोटाला हवे, तसा कागदही कोणाला तरी हवा असतो. आपल्याकडे मोडीतला रुमाल निघाला तर तो धुळ्याच्या मंडळात दाखवावा. साधी पावती निघाली तर आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे.

आजोबांचा कागद आता परत मिळणार नाही. सध्या रविवारी मी गावी जाते तेव्हा आजीजवळ वही घेऊन बसते. आजोबांनी किती साले केली, कोणत्या मळ्यात केली, कर्ज किती होते, ते कसे फिटले, हे ती सांगते आणि मी लिहून घेते. तीस पाने झाली आहेत. ही वही पेटीत ठेवणार नाही. तिची एक प्रत आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यायचे मी ठरवले आहे.

(द्वितीय वर्ष, कला)